जुन्या आउटबोर्डचे पेट्रोल पाइप आणि कनेक्टर बदलताना

होडीच्या मागे बाहेरून बसवायचं टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे आउटबोर्ड, दोरी ओढताच सुरू होतं, पाच-सात मिनिटं नीट चालतं, आणि पूर्ण थ्रॉटल दिला की आवाज बारीक होत बंद पडतं. पाइपावरचा रबरी बल्ब, म्हणजे पेट्रोल पुढे ढकलणारा हातपंप, दोन-चार वेळा दाबला की पुन्हा जीव धरतं. अशा वेळी बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग कार्बोरेटर उघडतात, मग कॉइलवर संशय घेतात. दोष मात्र पुष्कळदा टाकी आणि पंप यांच्या मधल्या दोन-अडीच मीटर पाइपात असतो, नाहीतर त्याच्या टोकाला असलेल्या कनेक्टरमधल्या छोट्याशा रबरी रिंगेत.

हा दोष सापडत नाही, कारण गळती म्हटलं की आपण थेंब शोधतो. आउटबोर्डचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या पाइपला बारीक भेग गेली तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. पाइप वरून कोरडा आणि धडधाकट दिसतो, आणि मशीन एअर घेत राहतं. पंपात पेट्रोलऐवजी फेस येतो, कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी उतरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. फोर-स्ट्रोक गाडीत एवढ्यावर भागलं असतं, गाडी फक्त धक्के देत थांबली असती. अशा जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. म्हणजे पेट्रोलचा पाइप हाच ऑइलचाही पाइप. पेट्रोल कमी पडलं की त्याच क्षणी पिस्टनला आणि बेअरिंगला ऑइलही कमी पडतं, आणि तेही मशीन सगळ्यात जास्त तापलेलं असताना. एका कडक झालेल्या रिंगेपायी पिस्टन घासून सिलिंडर बोअर करायची वेळ येते ती अशी. म्हणून जुनं मशीन हाती आलं की ते चालतंय की नाही हे बघण्याआधी पाइप आणि रबर बदलावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

या लेखात उदाहरणासाठी १९५० ते १९७० च्या दशकांतली जॉन्सन आणि एव्हिनरूडची दोन सिलिंडरची मशीनं घेतली आहेत. ही दोन्ही नावं अमेरिकेतल्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनची. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे दुसऱ्या कंपनीने ही नावं घेतली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. तरी कनेक्टर, रिंगा, डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) असे झिजणारे भाग सिएरासारख्या बाहेरच्या उत्पादकांकडून अजून मिळतात. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी यांच्या जुन्या टू-स्ट्रोक मशीनलाही पाइपाचं तत्त्व हेच लागू आहे, फक्त प्रत्येकाचा कनेक्टर वेगळा असतो आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

आधी पिना मोजा

मशीनच्या पुढच्या बाजूला, जिथे टाकीचा पाइप जोडतात, तिथे किती पिना आहेत ते बघा. पुढचं सगळं काम यावर ठरतं.

दोन पिना असतील तर एकीतून पेट्रोल येतं आणि दुसरी नुसती कनेक्टर सरळ बसावा म्हणून असते. हे साधं, एका पाइपचं मशीन. यात मशीनवर डायफ्रामचा पंप असतो आणि टाकीवर दाब नसतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू चालवताना उघडा ठेवावा लागतो.

तीन पिना असतील तर मशीन दाबाच्या टाकीचं आहे. जॉन्सनने १९४९ मध्ये क्यूडी-१० या दहा हॉर्सपॉवरच्या मॉडेलबरोबर वेगळी टाकी आणली, तिला माइल-मास्टर म्हणत; एव्हिनरूडकडे तिचंच नाव क्रूझ-ए-डे. या मशीनवर पंपच नसतो. क्रँककेसमधली (पिस्टनच्या मागच्या बंद पेटीतली) दाबाची हवा एका पाइपने टाकीत जाते आणि त्या दाबाने दुसऱ्या पाइपने पेट्रोल मशीनकडे ढकललं जातं. म्हणून पाइप जुळे असतात, एकमेकांना चिकटलेले. या पाइपावर बल्बही नसतो. सुरू करण्याआधी टाकीवरचं बटण हाताला जड लागेपर्यंत दाबायचं. १९६० च्या सुमारास पंप आले आणि ही पद्धत हळूहळू मागे पडली.

दाबाच्या मशीनमध्ये गळतीची तऱ्हाही उलटी. इथे पाइप फुटला तर पेट्रोल बाहेर उडतं, तेही तापलेल्या मशीनजवळ. शिवाय हवेची बाजू गळाली तर टाकीत दाब धरत नाही आणि पेट्रोल वर चढत नाही. या मशीनबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे. आधी एका पाइपचं घेऊ.

कोणता पाइप घ्यायचा

बोटीच्या पेट्रोल पाइपसाठी अमेरिकेत एसएई जे१५२७ हे मानक आहे. पाइपाच्या अंगावर लांबीने छापलेलं असतं. टाकी सुटी आणि मशीन उघड्यावर असेल तर बी१-१५ असा शिक्का असलेला पाइप पुरतो. बोटीच्या आत बंद जागेतून कायमचा पाइप नेला असेल तर ए१-१५ हवा, कारण 'ए' प्रकार आगीत अडीच मिनिटं टिकतो की नाही हे तपासलेलं असतं. १५ हा आकडा पाइपाच्या भिंतीतून किती पेट्रोल झिरपतं त्याचा: चौरस मीटरमागे दिवसाला १५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. युरोपातल्या मालावर आयएसओ ७८४० म्हणजे आगीला टिकणारा आणि ८४६९ म्हणजे साधा. बोटीचा पाइप नाहीच मिळाला तर मशीनच्या झाकणाखालच्या छोट्या तुकड्यांसाठी गाड्यांचा चांगल्या प्रतीचा पेट्रोल पाइप चालतो. एसएई जे३०आर९ असेल तर उत्तम, त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं असतं.

पारदर्शक प्लास्टिकचा पाइप कायमचा लावू नका. पेट्रोल दिसतं म्हणून तो सोयीचा वाटतो, पण काही महिन्यांत पिवळा पडून काचेसारखा कडक होतो, निपलवरची, म्हणजे पाइप चढवायच्या आखूड नळीवरची, पकड सोडतो आणि हवा घ्यायला लागतो. तपासणीसाठी त्याचा एक तुकडा जवळ ठेवा, त्याचा उपयोग पुढे येतो.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. ही मशीनं इंचात बनलेली आणि आपल्या बाजारात पाइप मिलिमीटरमध्ये मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यावर ६ मिमीचा पाइप गरम पाण्यात बुडवून मऊ केला की घट्ट बसतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्याला ८ मिमी बरोबर. पण ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी, आणि त्यावर १० मिमीचा पाइप जवळपास अर्धा मिमी सैल राहतो. क्लिप कितीही आवळली तरी क्लिपच्या बोल्टाखाली रबराला बारीक चुणी पडते आणि तिथूनच हवा आत जाते. अशा निपलला इंचाच्या मापाचाच पाइप आणवावा. छोट्या मशीनला बहुतेक ५/१६ इंचाचा पाइप असतो, पण अंदाजाने न जाता व्हर्नियरने निपल मोजावं, आणि पाइप धरून ठेवणाऱ्या काट्याच्या उंचवट्यावर नव्हे, मधल्या सपाट भागावर.

टाकीपासून मशीनपर्यंत दोन ते अडीच मीटर पाइप पुरतो. टाकी पुढे न्यायची म्हणून चार-पाच मीटर पाइप लावला तर पंपाला तेवढं जास्त ओढावं लागतं. पूर्ण थ्रॉटलला दहा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन तासाला साधारण चार लिटर पितं, चाळीसचं पंधरा-सोळा लिटर. म्हणजे दहाच्या मशीनला मिनिटाला ६५ मिलिलिटरच्या आसपास. हळू चालताना याच्या कितीतरी कमी लागतं, म्हणून अर्धवट चोकअप झालेला पाइप बंदरातल्या बंदरात कधीच उघडा पडत नाही, तो खाडीच्या मुखाशी थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच दगा देतो.

सामान

बाहेरचा पाइप अडीच मीटर, झाकणाखालच्यासाठी एक मीटर. बाणाचं चिन्ह असलेला नवा बल्ब. पाइपाच्या टोकाचा कनेक्टर नवा, किंवा जुन्यासाठी पेट्रोलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराच्या ओ-रिंगा. मशीनवरच्या पिनांचा संच खराब असेल तर तोही. पंपाचा किट, म्हणजे डायफ्राम, झडपा आणि पॅकिंग. गाळणीची जाळी आणि तिच्या वाटीचं पॅकिंग. स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, साधारण आठ ते बारा.

क्लिपांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, पट्टीला आडव्या खाचा असलेली स्क्रूची होज क्लिप मोठ्या पाइपासाठी असते. छोट्या पाइपावर तिची पट्टी नीट गोल होत नाही आणि खाचांमधून रबर कापलं जातं. पेट्रोल पाइपासाठी छोट्या बोल्टाची, सपाट पट्टीची क्लिप किंवा एका कानाची दाबायची क्लिप घ्या. क्लिप घेताना पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून घ्या. आवळताना रबर क्लिपच्या कडेला किंचित फुगलं की थांबायचं. झाकणाखालच्या जोडांवर कंपनीनेही नायलॉनच्या पट्ट्या वापरल्या आहेत, तिथे त्या चालतात. पण बल्ब आणि कनेक्टर यांच्या जोडांवर स्टीलच हवं.

जुने पाइप काढताना

मशीन उघड्यावर आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते, आणि तळ कोरडा दिसला म्हणून सुरक्षित नसतो. बॅटरी असेल तर तिची तार सोडा. विडी-सिगारेट, ग्राइंडर, पंखा, काही जवळ नको. जुनं पेट्रोल लोखंडी डब्यात काढा.

काहीही सोडण्याआधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या. पिनांपासून गाळणी, गाळणीपासून पंप, पंपापासून कार्बोरेटर, असा क्रम असतो. पण पंपावर आत येण्याची आणि बाहेर जाण्याची निपलं शेजारी-शेजारी असतात आणि उलटी जोडली तर पेट्रोल येणारच नाही. एका वेळी एकच पाइप काढा, त्याच्या लांबीचा नवा कापा, बसवा, मग पुढचा. पाइप धारदार ब्लेडने काटकोनात कापा. करवतीने कापला तर रबराचा भुसा आत राहतो आणि तो थेट कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या सुईवर, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या झडपेवर, जाऊन बसतो.

कडक झालेला पाइप पक्कडीने पिळून ओढू नका. कार्बोरेटरवरचं निपल पितळेचं असेल तर वाकतं, प्लास्टिकचं असेल तर तुटतं, आणि तुटलेला तुकडा आत अडकला की अर्ध्या तासाच्या कामाचा दिवस होतो. निपलच्या थोडं पुढे पाइप आडवा कापा, उरलेल्या टोपीला लांबीने वरवर चीर द्या आणि ती सोलून काढा. ब्लेड धातूला लागू देऊ नका. निपलवर लांबीने उठलेला एक ओरखडा म्हणजे हवेला कायमची वाट. तसा ओरखडा पडलाच असेल तर निपल बदलावं.

काढलेल्या पाइपाचा एक तुकडा मधून उभा चिरून बघा. आतली भिंत काळी, चिकट किंवा भेगाळलेली असेल, बोट फिरवल्यावर काळं लागत असेल, तर तेच रबर कार्बोरेटरमध्येही गेलेलं आहे. नुसते पाइप बदलून मशीन सुरू केलं तर आठवड्याभरात जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बंद होईल. कार्बोरेटर उघडून धुवायचं काम याच बैठकीत करा. दुसरी एक तऱ्हा फसवी असते. काही थरांच्या पाइपांत आतलं पातळ अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटतं. पंप ओढायला लागला की ते आत कोसळून पडद्यासारखं वाट अडवतं, मशीन थांबलं की परत जागेवर येतं. असा पाइप काढून फुंकला तर हवा मोकळी जाते आणि माणूस त्याला निर्दोष ठरवतो. पाइपाचं वय ठाऊक नसेल तर फुंकून तपासण्यात अर्थ नाही, तो बदलायचाच.

नवा पाइप बसवताना निपलवर टू-स्ट्रोक ऑइलचा एक थेंब पुरे. ग्रीस, सिलिकॉन, टेफ्लॉनची टेप यातलं काही निपलवर लावू नका. टेपचे धागे सुटून गाळणीच्या पुढे जातात. चुड्या (आटे) असलेल्या जोडाला पेट्रोलला टिकणारा पातळ सीलर लावा, पहिल्या दोन चुड्या कोऱ्या ठेवून. पाइपाला वळण द्यायचं तर मोठं द्या, आणि फ्लायव्हील, थ्रॉटलचा दांडा आणि एग्झॉस्टचं झाकण यांना तो घासत नाही ना, हे हाताने दांडा फिरवून बघा.

कनेक्टरची रिंग

सगळ्या कामात हा भाग सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचा. पाइपाच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पिनेसाठी भोक असतं. त्याच्या तोंडाशी खाचेत एक ओ-रिंग आणि तिच्या मागे स्प्रिंगवर बसलेली छोटी झडप असते. कनेक्टर मशीनला लावला की पिन झडपेला मागे ढकलते आणि रिंग पिनेभोवती घट्ट बसते. कनेक्टर काढला की झडप पुढे येऊन भोक बंद करते. म्हणजे कनेक्टर सुटा असताना झडप राखण करते आणि लावलेला असताना रिंग. सुट्या कनेक्टरमधून पेट्रोल गळत नाही म्हणून कनेक्टर चांगला, असं मानणारे इथेच फसतात.

रिंग बदलायची तर एका बोथट, पातळ काडीने झडप किंचित मागे दाबून धरा. तांब्याच्या किंवा पितळेच्या तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून रिंगेच्या आतल्या बाजूने अडकवा आणि बाहेर काढा. जुनी रिंग कडक असेल तर तुकड्यांनी निघते. सगळे तुकडे निघाले याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने उकरू नका, खाचेला घाव बसला तर कोणतीच रिंग तिथे हवा थांबवणार नाही. खाच कापसाच्या काडीने पुसा. नव्या रिंगेला ऑइल लावा, चिमटीत मधोमध दाबून लांबट करा, तिरकी आत घाला आणि बोथट काडीने फिरवत बसवा. ती खाचेत उतरली की हाताला कळतं, ती पुन्हा गोल होते. पीळ पडलेला नाही ना ते टॉर्च लावून बघा.

मग मशीनवरची पिन बघा. खाऱ्या हवेत पिनेवर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक वेळी कनेक्टर लावताना ते रिंगेला कापत जातात. हलकी झीज असेल तर ६०० नंबरचा पाण्याचा पेपर ऑइल लावून गोल फिरवा, लांबीने घासू नका. नखाला खड्डा लागत असेल तर पिनांचा संच बदला. कनेक्टरचा खटका सैल झाला असेल तर आतली रिंग नवी असूनही कनेक्टर थ्रॉटलच्या थरथरीने तिरका होतो; असा कनेक्टर दोरीने बांधून चालवू नका, टाकून द्या.

बल्ब, टाकी, पंप

बल्बवरचा बाण मशीनकडे. बल्ब मशीनपासून हातभर अंतरावर ठेवा, आणि दाबताना बाण वर करून उभा धरा. आडवा धरला तर आतल्या झडपा नीट बसत नाहीत आणि बल्ब भरायला वेळ लागतो.

चालू मशीनवर बल्ब चिपटला तर अडथळा बल्बच्या आधी आहे: टाकीचा हवेचा स्क्रू बंद असेल, टाकीतल्या ओढनळीची जाळी भरली असेल किंवा पाइप दबला असेल. बल्ब कधीच कडक होत नसेल तर एअर घेतोय, बल्बच्या झडपा गेल्या आहेत किंवा कार्बोरेटरची सुई बसत नाही आणि पेट्रोल वाहून जातंय. तिसऱ्या शक्यतेत कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकताना दिसेल. बल्ब कडक आहे, तरी मशीन वरच्या वेगाला मरतं आणि बल्ब दाबत राहिलं तर चालतं, तेव्हा पंपाकडे वळा.

पंप क्रँककेसच्या धडधडीवर चालतो. पिस्टन खाली-वर होताना क्रँककेसमध्ये दाब आणि ओढ आळीपाळीने तयार होते, तीच डायफ्रामला हलवते. डायफ्राम ताठला तर पंप कमी देतो. फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं, एक सिलिंडर ओला राहतो, धूर वाढतो. पाइप बदलताना पंपाचा किटही घालावा, असं आमचं मत आहे. किट स्वस्त आहे आणि झाकण उघडलेलंच असतं. स्क्रू आवळताना कोपऱ्यांतून थोडे-थोडे, आळीपाळीने.

तपासणी

मशीन पिंपात उभं करा, पाणी प्रॉपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. पाण्याशिवाय अर्धा मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर जळतं. पेट्रोल नवं आणि ऑइल बरोबर घाला. १९६४ आधीच्या बहुतेक जॉन्सन-एव्हिनरूडला २४:१, म्हणजे लिटरला ४२ मिली. त्यानंतरच्या बहुतेक मॉडेलना ५०:१, म्हणजे २० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनसाठीच्या, दर्जाचं घ्या, मोटरसायकलचं नको.

सुरू करण्याआधी बल्ब कडक करा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. आता पाइपात दाब आहे, त्यामुळे जिथे एरवी हवा आत जाते तिथून पेट्रोल बाहेर येईल. कनेक्टरच्या पिनेभोवती विशेष बघा. बल्ब दहा मिनिटं कडक राहिला पाहिजे.

मग तो पारदर्शक तुकडा काढा. मशीनवरची पिन आणि पंप यांच्या मधला पाइप तात्पुरता काढून तिथे फूटभर पारदर्शक पाइप लावा आणि मशीन चालवा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, मग काचेसारखी स्वच्छ धार दिसायला हवी. बुडबुड्यांची रांग थांबत नसेल तर हवा त्या तुकड्याच्या आधी कुठेतरी येतेय. एकेका जोडाभोवती जाड ग्रीस थापत जा. ज्या जोडावर बुडबुडे थांबले तो दोषी. ग्रीस पुसून तो जोड पुन्हा करा.

बुडबुडे नाहीत आणि तरी मशीन मरत असेल तर त्याच जागी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून व्हॅक्युम गेज, म्हणजे ओढ मोजणारं मीटर, लावा. पूर्ण वेगाला पंपाच्या तोंडाशी ओढ पाऱ्याच्या दोन-अडीच इंचांपेक्षा वर जात असेल तर टाकीकडच्या बाजूला अडथळा आहे. ही तपासणी पिंपात होत नाही, बोटीवर भार असतानाच करावी लागते.

दाबाची टाकी असेल तर

जुळा पाइप मूळ रूपात मिळणं कठीण. दोन वेगळे पाइप शेजारी धरून दर वीतभर अंतरावर बांधले की काम होतं. टोकांना हवा आणि पेट्रोल यांची अदलाबदल होऊ देऊ नका. कनेक्टरमध्ये दोन रिंगा असतात, दोन्ही बदला. टाकीच्या वरच्या भागात बटणाखाली डायफ्राम, चपट्या झडपा आणि बुडाशी पॅकिंग असतं, ते सगळं एकाच किटमध्ये येतं. झाकणाचं पॅकिंग दाब धरत नसेल तर बाकी सगळं नवं करूनही मशीन चालणार नाही. मशीन थांबवल्यावर टाकीत दाब उरतो. झाकण आधी थोडं सैल करून हवा जाऊ द्या, मगच उघडा किंवा टाकी उचला.

टाकी आतून गंजली असेल तर तिला दाबाखाली ठेवण्यात धोका आहे. अशा वेळी मशीनवर धडधडीचा पंप लावून एका पाइपवर आणता येतं. इथे एक चूक फार होते. दाबाच्या मशीनमध्ये दोन्ही सिलिंडरच्या क्रँककेसमधून एकेका एकेरी झडपेतून हवा घेतलेली असते. पंपाला मात्र दाब आणि ओढ दोन्ही हवी. म्हणून एका सिलिंडरची झडप काढून वाट मोकळी करावी लागते आणि दुसऱ्याची वाट पक्की बुजवावी लागते. दोन्ही मोकळ्या ठेवल्या तर एकाचा दाब दुसऱ्याच्या ओढीत विरतो, पंप हलतच नाही, आणि दोन क्रँककेस जोडले गेल्याने मशीन हळू वेगाला अडखळतं. पंपापर्यंतची धडधडीची नळी आखूड आणि जाड भिंतीची ठेवा, वीतभर पुरे. मऊ नळी स्वतःच फुगते-आकसते आणि जोर खाऊन टाकते. काढलेल्या झडपा आणि तीन पिनांचा कनेक्टर पिशवीत जपून ठेवा. टाकी शाबूत असेल तर मूळ पद्धतच राखावी, अशी आमची बाजू.

आपलं आजचं पेट्रोल

जून २०२२ मध्ये भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर आलं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडे पोचलं. सत्तर वर्षांपूर्वीचं रबर यासाठी बनलेलं नाही. ते आधी फुगतं, मग सुकल्यावर आकसून तडकतं. त्याच काळातल्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर वार्निशचा थर असतो. इथेनॉल तो थर विरघळवतं, बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि कार्बोरेटर ओसंडतो. पाइप बदलताना फ्लोट काढून बघा. प्लास्टिकचा मिळाला तर घाला, नाहीतर बूच पूर्ण सुकवून त्यावर सुपरग्लूचे दोन पातळ थर द्या, ते इथेनॉलला टिकतात.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसतं. ओढनळी टाकीच्या तळाशीच असते, म्हणजे मशीनला आधी तेच मिळतं, ऑइलशिवाय. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवू नका. टाकी रिकामी करा, कनेक्टर काढा, मशीन पिंपात चालवून कार्बोरेटर कोरडा करा. पाइप टाकीपासून सुटा करून सावलीत, मोठ्या वेटोळ्यात टांगा. उन्हात बल्ब सगळ्यात आधी तडकतो.

काम झाल्यावर पहिल्या आठ-दहा तासांच्या चालवण्यानंतर सगळ्या क्लिपा एकदा पुन्हा बघा, नवं रबर दबून बसतं आणि क्लिप किंचित सैल होते. त्याच वेळी गाळणीची वाटी उघडा. तळाशी काळे कण दिसले तर एखादा जुना तुकडा बदलायचा राहून गेला आहे. बहुधा पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधला, फ्लायव्हीलखाली दडलेला.